टाइल्स न फोडता बाथटबवरचा जुना मिक्सर कसा बदलावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला २००३ सालचा फ्लॅट, पाच मजली इमारत, तुम्ही चौथ्या मजल्यावर. बाथटबच्या वर भिंतीवर गरम-थंड पाण्याचा मिक्सर आहे. तो थेंब थेंब गळतो आणि पाणी शॉवरकडे वळवणारा डायव्हर्टर मध्येच अडकतो. प्लंबर म्हणतो, दोन ओळी टाइल्स फोडाव्या लागतील. त्या टाइल्स आता बाजारात मिळत नाहीत, म्हणून भिंतीला धक्का न लावता मिक्सर बदलता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

बहुतेक वेळा येतो. पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. टाइल मिक्सरमुळे फुटत नाही. भिंतीच्या आत, टाइलच्या मागे जो एल्बो (पाइपाचा काटकोनी जोड) पुरलेला आहे, त्यापर्यंत पान्ह्याचा जोर पोहोचतो तेव्हा ती फुटते. बाहेर दिसणाऱ्या सांध्याला तुम्ही पान्ह्याने धरू शकता, आतल्या एल्बोला धरायला जागाच नसते. पिळण्याचा जोर मग उभ्या पाइपाला बाजूला ढकलतो, पाइप गिलाव्याला रेटतो आणि गिलावा टाइलला. म्हणून सगळं काम या एका हिशेबाने करायचं: भिंतीतला सांधा जितका कमी हलवाल तितकं बरं. पायऱ्यांचा क्रमही त्यातूनच ठरतो.

सर्वांत आधी गळती नेमकी कुठून आहे ते पाहा. तोटीतून थेंब पडत असतील, तर दोष आतल्या स्पिंडलचा (मूठ फिरवल्यावर पाणी उघडणारा-बंद करणारा भाग) किंवा वायसरचा आहे. डायव्हर्टर अडकतो तो क्षार साचल्यामुळे किंवा त्याच्या आतली रबरी रिंग गेल्यामुळे. या दोन्ही दुरुस्त्या मिक्सर भिंतीवर असतानाच होतात. पाणी बंद करायचं, मुठीवरची टोपी काढून आतला स्क्रू सोडवायचा, मूठ बाजूला ठेवायची आणि स्पिंडल पान्ह्याने उलटा फिरवून बाहेर काढायचा. तो जुना स्पिंडल दुकानात सोबत न्या. आटे आणि मुठीकडच्या दातांची संख्या जुळली की नवा बसतो. पितळेचा सांगाडा शाबूत असेल तर दोन स्पिंडल आणि डायव्हर्टरचा आतला भाग बदलून तो अनेक वर्षं चालतो. मी नेहमी इथूनच सुरुवात करतो, कारण यात भिंतीचा संबंधच येत नाही.

पाणी भिंतीलगतच्या गोल चकतीच्या, म्हणजे फ्लँजच्या मागून झिरपत असेल, किंवा भिंतीच्या पलीकडच्या खोलीत ओल दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. मग आतला सांधाच गळतो आहे आणि तो उघडावा लागेल. टोपी काढल्यावर पितळ गुलाबी-लालसर आणि ठिसूळ झालेलं दिसलं, किंवा स्पिंडल बसतो त्या जागेवर खड्डे पडलेले असले, तर दुरुस्तीत पैसे घालवू नका, मिक्सर बदला.

आता बदलण्याबद्दल. वॉल मिक्सर भिंतीला थेट जोडलेला नसतो. भिंतीतून दोन लेग बाहेर येतात, म्हणजे मध्ये थोडा बाक असलेले पितळी तुकडे. त्यांची भिंतीकडची बाजू अर्धा इंची आट्यांची असते आणि मिक्सर त्यांच्यावर दोन मोठ्या नटांनी बसतो. नटाच्या आत रबरी किंवा फायबरचा वायसर असतो, पाणी तोच अडवतो. म्हणजे नट सोडले की मिक्सर हातात येतो आणि लेग भिंतीतच राहतात. माझा आग्रह असा की ते लेग शाबूत असतील तर तिथेच राहू द्या. फक्त मिक्सर बदला. भिंतीतला सांधा हललाच नाही, तर टाइलला धोकाही उरत नाही.

यात अडचण एकच. प्रत्येक कंपनीच्या नटाचे आटे आणि लेगच्या टोकाचा आकार तंतोतंत सारखा असेलच असं नाही. बहुतेक नट पाऊण इंची आट्यांचे असतात, पण खात्री करून घ्या. जुना मिक्सर सोडवून नटासकट दुकानात न्या आणि नव्या मिक्सरबरोबर येणारा लेग जुन्या नटात हाताने फिरवून पाहा. तीन-चार फेरे सहज गेले तर आटे जुळले. एका फेऱ्यातच अडखळला तर जबरदस्ती करू नका. 'अर्धा इंच' या नावाने गोंधळून जाऊ नका. अर्धा इंची आट्यांचा बाहेरचा व्यास मोजला तर जवळपास २१ मिमी भरतो आणि पाऊण इंचीचा २६ मिमीहून थोडा जास्त. नाव पाइपाच्या आतल्या मापावरून पडलं आहे. दोन्हींत दर इंचाला १४ आटे असतात, त्यामुळे एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण १.८ मिमी आत-बाहेर. हा आकडा पुढे लागेल.

दोन लेगांच्या मध्यांतलं अंतर सहसा १५० मिमी असतं. लेगला बाक असल्यामुळे ते फिरवून अंतर थोडं कमी-जास्त होतं, दोन्ही मिळून दोनेक सेंटिमीटरची मुभा मिळते. लेग तसेच ठेवणार असाल तर आहे ते अंतर मोजून घ्या आणि नव्या मिक्सरचं त्याच्याशी पडताळा. तोटीची लांबीही मोजा. टबच्या काठापासून पाणी आत पडायला हवं, काठावर नको. तोटीचं तोंड टबच्या वरच्या काठाहून किमान २५ मिमी वर राहिलं पाहिजे. टब भरलेला असताना वरचं पाणी बंद झालं तर टबातलं वापरलेलं पाणी नळातून मागे ओढलं जाण्याची भीती असते, ही उंची त्यासाठी.

खरेदी करताना पाण्याचा दाबही लक्षात घ्या. दहा मीटर उंचीवरच्या टाकीने साधारण १ बार दाब मिळतो. तुमच्या डोक्यावर एक मजला आणि गच्चीवरची टाकी, म्हणजे मिक्सरपासून टाकीच्या तळापर्यंत सहा-सात मीटर धरले तर ०.६ ते ०.७ बार. एका दांड्याचे मिक्सर दिसायला छान असतात, पण त्यांपैकी बऱ्याच मॉडेलना नीट चालायला याहून जास्त दाब लागतो. डब्यावर किमान दाब छापलेला असतो, तो वाचा. प्रेशर पंप नसेल तर दोन मुठींचा, पाव फेऱ्याचा वॉल मिक्सरच घ्या. टब भरायला लागणारा वेळ यावरच ठरतो.

कामाला हात घालण्याआधी गिझरचं बटण बंद करा, शक्य असेल तर विजेच्या बोर्डावरचा त्याचा एमसीबीही पाडा. पाणी कोमट होईपर्यंत थांबा. मग गिझरकडे जाणारा कॉक आणि बाथरूमचा स्टॉप कॉक दोन्ही बंद करा. तुमच्या वयाच्या इमारतींत स्टॉप कॉक बरेचदा जाम झालेला असतो. तो फिरत नसेल तर जोर लावू नका, त्याची दांडी तुटली तर तेच भिंत फोडण्याचं कारण होईल. अशा वेळी सोसायटीला सांगून गच्चीवरचा तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून घ्या. मिक्सरच्या दोन्ही मुठी उघड्या ठेवा आणि बाथरूममधला सर्वांत खालचा नळही उघडा, म्हणजे पाइपातलं पाणी उतरेल.

टबात जाडी गोधडी किंवा जुनं ब्लँकेट अंथरा. हातून पडलेला पान्हा इनॅमलचा टवका काढतो आणि ॲक्रिलिकला चीर पाडतो. टबाच्या भोकात फडकं कोंबा, नाहीतर स्क्रू त्यातच जातो. मिक्सरच्या आजूबाजूच्या टाइल्सवर मास्किंग टेप आणि त्यावर पुठ्ठा लावा. मग बोटाच्या पेराने त्या टाइल्स वाजवून पाहा. बद्द आवाज आला तर टाइलच्या मागे माल नाही, ती पोकळ आहे. टवके नेमके तिथेच उडतात. त्या बाजूला पान्ह्याचा दांडा कधीच टेकू द्यायचा नाही.

फ्लँज आणि टाइल यांच्यात सिलिकॉन किंवा व्हाइट सिमेंट भरलेलं असतं. बऱ्याच टाइल्स इथेच फुटतात. कोणी फ्लँजच्या कडेत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतो आणि टाइलच्या भोकाचा काठ निघून येतो. उचकटू नका. धारदार कटरने फ्लँजच्या कडेने दोन-तीन वेळा गोल चीर द्या. व्हाइट सिमेंट असेल तर जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या टोकाने ते खरवडून काढा. दहा मिनिटं जातील, पण ती द्या. जुनी फ्लँज वाकली तरी चालेल, ती टाकायचीच आहे.

मोठे नट सोडताना गुळगुळीत जबड्याचा पान्हा वापरा आणि मध्ये फडकं धरा. दोन्ही नट आळीपाळीने सोडवा, आधी एक पाव फेरा, मग दुसरा. एकच नट पूर्ण सोडवला तर मिक्सरचं सगळं वजन दुसऱ्या लेगवर लटकतं आणि तो लेग भिंतीत पिळला जातो. नट क्षाराने धरला असेल तर व्हिनेगरात भिजवलेला कापूस अर्धा तास गुंडाळून ठेवा. खाली किंवा कट्ट्यावर संगमरवर किंवा कोटा असेल तर आम्ल तिथे गळू देऊ नका. हे दगड चुन्याचे, आम्लाने त्यांची झळाळी कायमची जाते. नट गंजल्यासारखा चिकटला असेल तर डब्ल्यूडी-४० सारखं तेल मारून रात्रभर सोडा. मशालीने तापवण्याचा मोह नको. टाइल एका बाजूने तापली की तडकते आणि मागे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लॅस्टिकचा पाइप असेल तर तो मऊ पडतो.

मिक्सर निघाला की टॉर्चने लेगची तोंडं पाहा. बसण्याची कड सपाट, आटे धड, भिंतीशी ओल नाही, तर काम जवळपास संपलं. कड बारीक पॉलिश पेपरने हलकी घासा, नवे वायसर घाला, मिक्सर बसवा. नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावायची गरज नाही, पाणी वायसर अडवतो. टेप लावल्याने नट पुरता बसत नाही आणि मग माणूस आणखी आवळत जातो. हाताने घट्ट, त्यावर पाव ते अर्धा फेरा, बस.

लेगही बदलावे लागणार असतील, तर आत काय आहे ते आधी ओळखा. २००३ चा काळ मधला आहे. जुन्या इमारतींत जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप असायचा, २००० नंतर सीपीव्हीसी हळूहळू रुळत गेला. डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेत, तुमच्या बाथरूमला येणारा पाइप पाहा. पिवळसर-क्रीम प्लॅस्टिक असेल तर सीपीव्हीसी, लोहचुंबक चिकटला तर जीआय. गिझरजवळचे पाइप मात्र नंतर बदललेले असू शकतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

जीआयमध्ये पितळी लेग लोखंडी एल्बोत बसलेला असतो. दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र आले की त्या जागेवरचं लोखंड लवकर गंजतं, शिवाय जुन्या प्लंबरांनी गळू नये म्हणून आट्यांवर सुतळी आणि सफेदा (पांढरा लेप) लावलेला असतो. वीस वर्षांत तो दगडासारखा होतो. सांधा सुटायला जोर लागतो, पण पाइप स्वतः मजबूत असतो. सीपीव्हीसीत उलट आहे. प्लॅस्टिकच्या एल्बोत पितळी आट्यांची चकती बसवलेली असते. सांधा लवकर सुटतो, पण जास्त जोर लावला तर ती चकतीच प्लॅस्टिकमध्ये गोल फिरते. एकदा फिरली की तो एल्बो गेलाच, मग भिंत उघडण्यावाचून इलाज नाही.

म्हणून सोडवताना आधी उलट दिशेने, म्हणजे आवळण्याच्या दिशेने, केसभर दाब द्या. जुनं चिकटलेलं बंधन तुटतं. मग हळूहळू सोडवण्याच्या दिशेने. थोडं पुढे, थोडं मागे, मध्ये तेलाचे थेंब. दहा-बारा इंची पान्हा पुरतो. दांड्याला पाइपाचा तुकडा लावून तो लांबवू नका, जोर किती जातो आहे हे मग हाताला कळत नाही. हाताच्या अंदाजावरच थांबायचं कधी ते ठरतं. लेग फिरताना आटा एकसारखा सरकतो. पण तुम्ही पिळता आणि सोडल्यावर तो स्प्रिंगसारखा परत येतो, किंवा टाइलच्या मागे कुरकुर ऐकू येते, तर आटा सुटत नाहीये, आतला पाइप पिळला जातो आहे. तिथेच थांबा. तेल घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा.

लेग मधूनच तुटला आणि आटे आत राहिले, तर घाबरू नका. त्यासाठी एक्स्ट्रॅक्टर मिळतो. तो आत ठोकून उलटा फिरवला की उरलेला तुकडा निघतो. नसेल तर हॅकसॉच्या पात्याला टोकाशी फडकं गुंडाळून तुकड्याच्या आतल्या भिंतीला दोन खाचा पाडा, शेजारी शेजारी. पितळ मऊ असतं, खाच लवकर पडते. खाच पितळापुरतीच ठेवा. एल्बोच्या आट्यांना पातं लागलं तर तिथून कायम गळेल. मग बारीक छिन्नीने दोन खाचांमधली पट्टी आतल्या बाजूला वळवा, तुकडा आकसतो आणि हाताने निघतो.

नवे लेग आधी कोरडे लावून पाहा, टेप न लावता. किती फेऱ्यांत बसतात ते मोजा, दोन्ही सारखे बाहेर येतात का पाहा. एक फेरा म्हणजे १.८ मिमी हे इथे उपयोगी पडतं. एखादा लेग ४ मिमी जास्त बाहेर असेल तर त्याला साधारण दोन फेरे आणखी हवेत. मागे कधी जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स चढवल्या असतील तर एल्बो खोल जातो आणि लेग जेमतेम तीन आटे धरतो. अशा वेळी एक्स्टेंशन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा तुकडा लावा, अर्ध्या इंचापासून पुढे वेगवेगळ्या लांबीत मिळतो. तीन आट्यांवर विसंबू नका.

टेप लावताना आट्यांचं टोक तुमच्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळा, नाहीतर आवळताना ती उलगडत बाहेर येते. आपल्याकडची टेप पातळ असते. जीआयसाठी बारा-पंधरा वेढे, सीपीव्हीसीच्या पितळी आट्यांसाठी आठ-दहा. सीपीव्हीसीत जास्त वेढे दिले तर आत जाणारा आटा फुगतो आणि एल्बोला तडा देतो. हा तडा लगेच दिसत नाही, महिन्याने पलीकडच्या भिंतीवर ओल बनून येतो. आणखी एक सक्त नियम: टेप लावलेला लेग समतोलासाठी मागे फिरवायचा नाही. गरज पडली तर पुढेच न्या, नाहीतर पूर्ण काढून नवी टेप लावा. मागे फिरवलेली टेप गळतेच.

मिक्सर चढवण्याआधी दोन्ही लेगांतून बादलीत मिनिटभर पाणी सोडा, आधी थंड, मग गरम. गंजाचे आणि टेपचे कण बाहेर पडले पाहिजेत. एक कण नव्या मिक्सरच्या आतल्या, पाणी अडवणाऱ्या सिरॅमिक डिस्कमध्ये अडकला की नवा मिक्सर पहिल्याच आठवड्यात ठिबकतो आणि दोष कंपनीला दिला जातो. गरम डावीकडे, थंड उजवीकडे. स्पिरिट लेव्हल ठेवून मिक्सर आडवा सरळ करा.

तुमचा मिक्सर बाहेरचा नसून भिंतीत पुरलेला डायव्हर्टर असेल, म्हणजे बाहेर फक्त चकती, मूठ आणि तोटी दिसत असेल, तर वरचं सगळं मर्यादित होतं. आतली बॉडी कंपनीप्रमाणे वेगळी असते. तिचं कार्ट्रिज (पाणी नियंत्रित करणारा आतला भाग) आणि वरचं आवरण समोरून बदलता येतं, पण त्याच मॉडेलचं हवं. तोटी काढताना खालच्या बाजूला बारीक ॲलन स्क्रू आहे का ते आधी बोटाने चाचपा. तो न सोडता तोटी पिळली तर आतला निपल तुटतो.

बॉडीच किंवा एल्बो बदलायची वेळ आली, तरी टाइल्स फोडणं हा शेवटचा मार्ग ठेवा. त्या भिंतीची दुसरी बाजू कुठे येते ते पाहा. बेडरूम, पॅसेज किंवा डक्ट असेल आणि साडेचार इंची विटांची भिंत असेल, तर मागच्या बाजूने साधारण फूटभर चौकोन उघडून एल्बो बदलता येतो. तिकडे फक्त गिलावा आणि रंग लागतो, तो कुठेही जुळतो. फोडण्याआधी तिकडच्या विजेच्या वायरी कुठून जातात ते तपासा. ती भिंत सिमेंट काँक्रीटची असेल, अलीकडच्या बऱ्याच टॉवरमध्ये असते तशी, तर खाच पाडण्याआधी सोसायटीची आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरची परवानगी घ्यावीच लागते.

सगळं बसल्यावर पाणी हळूहळू सुरू करा, कॉक एकदम उघडू नका. प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळा आणि २४ तास तसाच राहू द्या, मधे एकदा गिझर तापवून गरम पाणीही चालवा. गरम-थंड होताना सांधा किंचित सरकतो, थंड असताना कोरडा राहिलेला कधी कधी तेव्हा ओला होतो. कागद कोरडा निघाला तरच फ्लँज टाइलवर दाबा. टाइलच्या भोकाचा काठ आधीच थोडा गेला असेल तर मोठ्या व्यासाची फ्लँज घ्या, टवका तिच्याखाली झाकला जातो. सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी लावा, खालचा साधारण सेंटिमीटरभर भाग मुद्दाम मोकळा सोडा. उद्या आत कुठे गळू लागलं तर पाणी भिंतीत मुरण्याऐवजी त्या फटीतून टबात उतरेल आणि तुमच्या लगेच नजरेला पडेल.

प्लंबरला बोलवाल तेव्हा त्याला आधीच विचारा: लेग न काढता मिक्सर बसवून बघाल का? काढावेच लागले तर मागून उघडता येईल का? यांवर विचार न करता तो थेट छिन्नी काढत असेल, तर दुसऱ्या माणसाचं मत घ्या.